लेकुरवाळीसाठी होल्स्टर: निवडायचं कसं, अंगाशी बसवायचं कसं

अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानात ‘बायकांसाठी’ म्हणून एक कोपरा असतो. तिथला बराचसा माल रंगाने वेगळा असतो, कामाने नाही. लहान मूल असलेल्या बाईची गरज मात्र खरंच वेगळी असते. ती दिवसातून पन्नासदा वाकते, मुलाला कडेवर घेते, कारसीटचे पट्टे लावायला गाडीत अर्धी आत शिरते, जमिनीवर मांडी घालून बसते. पोर अंगाखांद्यावर चढतं ते वेगळंच.

अशा बाईसाठी सोयीचं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल कमरेला अडकवायचं कवच, कोणतं? सकाळी लावल्यावर रात्री मुलं झोपेपर्यंत काढावंसं वाटणार नाही, ते. मऊपणाशी त्याचा फार संबंध नाही. टोचायला लागलं की माणूस दुपारी ते काढतं आणि ओट्यावर, ड्रॉवरमध्ये नाहीतर पर्समध्ये ‘पाचच मिनिटं’ ठेवतं. घरात चालतं मूल असेल तर सगळा धोका त्या पाच मिनिटांत आहे. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच प्रश्नावर तपासायची: याने पिस्तूल दिवसभर अंगावर, झाकलेलं आणि न हाताळता राहील का?

आधी कागद

होल्स्टरच्याही आधी स्वतःचा व्हिसा बघा. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. यात अडकलात तर दंडाबरोबर इमिग्रेशनही हातचं जाईल. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही बंदी नाही. बायको नागरिक आणि नवरा अजून एच-१बीवर अशी घरं आपल्यात बरीच आहेत. तिथे तिजोरीचा कोड नवऱ्याला माहीत असणंसुद्धा ‘जवळ बाळगणं’ ठरू शकतं, तेव्हा आधी वकील आणि मग दुकान.

पुढे राज्य. इलिनॉयमध्ये आधी फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक ठेवणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र, लागतं, मग अंगावर बाळगण्याचा परवाना आणि त्यासाठी १६ तासांचं प्रशिक्षण. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरी टेक्सासमधल्या आईने परवाना काढावाच, कारण शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर फेडरल बंदी आहे. त्या राज्याने स्वतः दिलेला परवाना जवळ असला तर त्या बंदीतून सूट मिळते. परवाना नसेल तर पिस्तूल रिकामं करून कुलूपबंद पेटीत असावं लागतं. मुलांना शाळेत सोडायला रोज जाणारी बाई दिवसातून दोनदा त्या हजार फुटांत असते.

परवाना असला तरी टेक्सासमध्ये शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेता येत नाही. रविवारची मराठी शाळा किंवा मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये असेल, तरी इमारत शाळेचीच असते. नागरिकत्वाची मुलाखत ज्या ऑफिसात होते ती फेडरल जागा, तिथेही मनाई. घराबाबत टेक्सासचा कायदा असा, की भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवली आणि ती १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर ठेवणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. तुमच्या राज्याचा नियम तुम्हीच शोधून वाचा, शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका.

पर्स आणि डायपर बॅग: नाही

हा मुद्दा लवकर उरकतो. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहोतल्या हेडन गावात एका सुपरमार्केटमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि त्यातून सुटलेल्या गोळीने आई जागीच गेली. ती साधी पर्स नव्हती. पिस्तुलासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली, खास त्याच कामासाठी बनवलेली पर्स होती.

पर्स खांद्यावरून उतरते. ती शॉपिंग कार्टमध्ये, खुर्चीच्या पाठीला, गाडीच्या सीटवर जाते. डायपर बॅगेत तर मूल स्वतःच हात घालतं, कारण बिस्किटं तिथेच असतात. ज्या घरात लहान मूल आहे तिथे पिस्तूल एकतर अंगावर असावं नाहीतर तिजोरीत. तिसरी जागा नाही.

होल्स्टर कशाचं

होल्स्टरने तीन कामं करायची असतात: ट्रिगर पूर्ण झाकायचा, पिस्तूल घट्ट धरायचं आणि रोज त्याच जागी, त्याच कोनात ठेवायचं. ही तिन्ही जो करेल तो माल चांगला, मग दिसायला कसाही असो.

कायडेक्स हे तापवून साच्यावर दाबता येणारं कडक प्लास्टिक आहे. होल्स्टरसाठी ते बहुधा ०.०८ इंच जाडीचं वापरतात. पिस्तुलाच्या आकाराला ते नेमकं बसतं, घामाने फुगत नाही आणि पिस्तूल काढल्यावर त्याचं तोंड उघडं राहतं. शेवटचा गुण फार मोलाचा आहे, कारण तोंड मिटणाऱ्या होल्स्टरमध्ये पिस्तूल परत ठेवताना माणूस दुसऱ्या हाताने ते उघडायला जातो आणि तोच हात नळीसमोर येतो. कातडी होल्स्टर अंगाला सुखद असतं, पण वापरून मऊ झालं की त्याची कड आत दुमडते आणि कधी थेट ट्रिगरवर दाबली जाते. कातडीच घ्यायची तर तोंडाला आतून कडक पट्टी असलेली घ्या आणि दर महिन्याला ती कड हाताने दाबून पाहा.

‘सर्व पिस्तुलांना चालेल’ असं लिहिलेली कापडी पिशवी घेऊच नका. पोटाला गुंडाळायचा इलॅस्टिकचा पट्टा, ज्याला बेली बँड म्हणतात, बाळंतपणानंतर मोहात पाडतो. नुसतं इलॅस्टिक ट्रिगरला संरक्षण देत नाही. आत कडक कायडेक्सचं कवच शिवलेलं असेल तरच तो विचारात घ्यायचा. शंका असेल तर पिस्तूल पूर्ण रिकामं करून त्यात ठेवा आणि बाहेरून, कापडावरून, ट्रिगरच्या जागी अंगठ्याने जोरात दाबा. ट्रिगर हलल्याचं जाणवलं तर तो पट्टा कचऱ्यात टाका. कुणाला देऊनही टाकू नका.

होल्स्टर तुमच्या नेमक्या मॉडेलचंच हवं. ग्लॉक ४३एक्सची नळी ३.४१ इंच, सिग पी३६५ची ३.१ इंच. दोन्ही लहान, पण एकाचं होल्स्टर दुसऱ्याला चालत नाही. पिस्तुलाला दिवा जोडला की होल्स्टर बदलतं. रेड डॉट, म्हणजे नेम धरायचं लाल ठिपक्याचं भिंग, जोडला तर वरची कड कापलेली लागते. डावखुऱ्या असाल तर मागणी नोंदवताना ते दोनदा तपासा. चांगलं कायडेक्स होल्स्टर साधारण ६० ते ११० डॉलरला येतं. इथे पैसे वाचवून पुढे काही हाती लागत नाही.

पिस्तूल रिकामं करणं

इथून पुढच्या सगळ्या चाचण्या रिकाम्या पिस्तुलावर करायच्या. याहून चांगला मार्ग म्हणजे त्याच मॉडेलची भरीव प्लास्टिकची निळी प्रतिकृती, ती ऑनलाइन मिळते. खरंच पिस्तूल वापरायचं तर मुलं दुसऱ्या मोठ्या माणसाकडे सोपवा आणि दार लावून घ्या.

क्रम चुकवू नका. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, काढा, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवा. चेंबरमध्ये, म्हणजे झाडायची गोळी बसते त्या खणात, डोळ्यांनी बघा, करंगळी घालूनही बघा. क्रम उलटा झाला, म्हणजे स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन नंतर काढलं, तर पहिली गोळी बाहेर पडते आणि दुसरी चेंबरमध्ये जाऊन बसते. माणूस समजतो रिकामं, पण ते भरलेलं असतं. निघालेल्या गोळ्या मोजून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.

कमरेवर जागा कुठे

कमरेला घड्याळ समजायचं. बेंबी म्हणजे १२, उजवी कड ३, पाठीचा मणका ६. उजव्या हाताच्या बाईसाठी व्यवहारात दोन जागा उरतात: पुढे १ वाजता, जिला अपेंडिक्स कॅरी म्हणतात, आणि बाजूला ३ ते ४ च्या मध्ये.

बायकांच्या जीन्सची कंबर वर असते आणि खाली नितंब रुंद असतात. ३ वाजता ठेवलेल्या होल्स्टरचा खालचा भाग नितंबाने बाहेर ढकलला जातो आणि पिस्तुलाची मूठ बरगडीत रुतते. ४ वर सरकवलं तर उभं असताना ठीक वाटतं. पण मुलाचा बूट बांधायला वाकलात की मूठ शर्टाखाली उंटाच्या मदारीसारखी वर येते, आणि लहान मुलांची आई तर दिवसभर वाकलेलीच असते. शिवाय मागून येऊन बिलगणाऱ्या मुलाचा हात नेमका तिथेच पडतो.

१ वाजता ठेवलं की पिस्तूल तुमच्या नजरेसमोर आणि दोन्ही हातांच्या राखणीत राहतं. उजव्या हाताच्या बाया मूल सहसा डाव्या कडेवर घेतात. १ ची जागा तेव्हा मोकळी राहते आणि मुलाचा पाय तिथवर क्वचित पोचतो. म्हणून चालत्या मुलाच्या आईने सुरुवात इथूनच करावी, असं आमचं मत आहे. या जागेची किंमतही माहीत असावी: बसल्यावर नळीचं तोंड मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या दिशेने असतं. त्यामुळे पिस्तूल परत ठेवताना घाई नाही आणि ढिलं होल्स्टर तर अजिबात नाही.

सीझेरियन झालं असेल तर टाके पूर्ण भरून डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत १ ची जागा सोडा. वण नेमका होल्स्टरच्या टोकाखाली येतो. पोटाचे स्नायू मध्ये विलग झाले असतील तर कडक पट्ट्याचा दाबही सोसत नाही. ते काही महिने ३ वाजता, थोडं पुढे कललेलं, जमतं का पाहा. नाही जमलं तर पिस्तूल तिजोरीत राहू द्या.

लहान पिस्तूल जास्त टोचतं, ते का

बहुतेक जणी इथेच फसतात. टोचतं म्हणून आणखी लहान होल्स्टर घेतात आणि ते आणखी टोचतं. छोट्या पिस्तुलाची नळी तीन इंचांची, म्हणजे पट्ट्याच्या खाली अगदी थोडा भाग येतो. वजन सगळं वर, भरलेली मूठ आणि मॅगझिनमध्ये. मग वरचा भाग बाहेर लवंडतो, खालचं टोक पोटात घुसतं आणि शर्टाखालून मूठ दिसते. उपाय उलटा आहे: पिस्तूल तेच, पण होल्स्टर खाली एक इंच लांब. पट्ट्याखाली लांबी मिळाली की तरफ उलटी फिरते आणि मूठ पोटाकडे येते.

दुसरा उपाय म्हणजे पाचर. होल्स्टरच्या अंगाकडच्या बाजूला, अगदी खालच्या टोकाशी लावायची ही फोमची उशी. ती टोकाला शरीरापासून लांब ढकलते आणि वरची मूठ आपोआप आत येते. नळीचं तोंडही मांडीपासून थोडं बाहेर वळतं. विकत आणण्याआधी पायमोजा घडी करून चिकटपट्टीने लावून पाहा. अर्ध्या इंचापासून सुरू करा. टोचणं थांबलं तर मग वेल्क्रोची पाचर मागवा.

तिसरा भाग म्हणजे पंजा. ट्रिगरच्या बाजूला बाहेर आलेला हा प्लास्टिकचा छोटा पंख पट्ट्याच्या आतल्या बाजूला टेकतो. पट्टा त्याला दाबतो आणि त्या दाबाने मूठ शरीराकडे फिरते. पाचर वरचं टोक आत ओढते, पंजा मुठीला आडवं फिरवतो. दोघांची कामं वेगळी आहेत, त्यामुळे एक आहे म्हणून दुसरं नको असं होत नाही. पट्टा घातला नसेल तर पंजा निरुपयोगी, कारण टेकायला काही नाही.

मग उंची. होल्स्टर इतकं खाली नको की मूठ पकडताना खालची तीन बोटं पट्ट्यात अडकतील. तिन्ही बोटं ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, खाली पूर्ण गुंडाळली गेली पाहिजेत. इतकं वरही नको की वाकताना मूठ बरगडीला लागेल. एका भोकाने वर, एका भोकाने खाली असं करत पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

पकड शेवटी. होल्स्टरवर रबरी वॉशर असलेला एक स्क्रू असतो, तो पाव फेरा घट्ट करा. रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवून पलंगावर उलटं धरा आणि झटके द्या. पडलं तर आणखी पाव फेरा. काढायला दोन झटके लागत असतील तर जास्त झालं. मनाजोगं झालं की स्क्रूच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू ढिला न होऊ देणाऱ्या गोंदाचा, एकच थेंब. लाल नको, तो पुन्हा सहजी सुटत नाही. प्लास्टिकला तो लागू देऊ नका, काही प्लास्टिकांना त्याने तडे जातात. मग नेलपॉलिशने स्क्रूच्या डोक्यापासून होल्स्टरपर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. दर रविवारी एक नजर टाकली की पुरे.

पट्टा आणि कपडे

होल्स्टरच्या क्लिपा बहुधा दीड इंची पट्ट्यासाठी बनवलेल्या असतात. बायकांच्या बऱ्याच जीन्सच्या लुप्यांतून दीड इंची पट्टा जातच नाही आणि सव्वा इंचीवर ती क्लिप खालीवर सरकते. आधी टेपने लुप्या मोजा, मग त्याच मापाचा पट्टा आणि त्याच मापाची क्लिप घ्या. पट्टा आडवा कडक हवा, पण पोटाशी वाकणारा. दर पाव इंचाला घट्ट-सैल होणारा दातेरी किंवा वेल्क्रोचा पट्टा घेतला तर जेवणानंतर सैल करता येतो.

क्लिपचा आकडा पट्ट्याच्या खालच्या कडेत अडकलाय का, हे रोज बोटाने चाचपा. नुसता कापडात अडकला असेल तर ओढताना होल्स्टरसकट पिस्तूल हातात येतं. ही चूक नव्यांची ठरलेली.

लेगिंग, सलवार, बाळंतपणानंतरची इलॅस्टिकची पँट यांत क्लिप अडकवू नका. सलवारीची नाडी सव्वासहाशे-साडेसहाशे ग्रॅमचं भरलेलं पिस्तूल पेलत नाही. चार पावलांत एक बाजू खाली येते आणि हात सारखा कमरेकडे जातो. अशा कपड्यांसाठी कपड्याच्या आतून स्वतःच्या पट्ट्याने कमरेला बांधायचे सांगाडे मिळतात. फ्लस्टर कंपनीचं एनिग्मा हे त्यातलं नावाजलेलं. कायडेक्स होल्स्टर त्या सांगाड्याला स्क्रूने बसतं आणि पँट कुठलीही असो, पिस्तूल अंगालाच राहतं. पट्टा कमरेच्या हाडांवर टेकेल असा खाली बांधा, पोटाच्या मऊ भागावर बांधलात तर तासाभरात वळ उठतात. बसवायला एक अख्खी दुपार लागते, पण बाळंतिणीसाठी यापेक्षा बरी सोय आमच्या पाहण्यात नाही.

कुर्ता झाकायला उत्तम, काढायला वैताग. गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याचा पुढचा पदर दोन फूट वर ओढावा लागतो आणि अर्ध्यात तो मुठीवर पडतो. खालची कड पकडण्यापेक्षा बाजूच्या कटाजवळ कापड मुठीत गोळा करा आणि छातीपर्यंत न्या. हे जमत नसेल तर मांडीच्या वरपर्यंतची कुर्ती घाला. ओढणी पिन करा, कारण पिस्तूल परत ठेवताना तिचं टोक होल्स्टरमध्ये गेलं तर तेच ट्रिगर दाबतं. जॅकेटच्या दोऱ्यांचं टोकही तसंच, ते कापूनच टाकलेलं बरं. साडीचं म्हणाल तर निऱ्या खोचायची जागा हीच १ ते १२ ची जागा. साडीच्या दिवशी पिस्तूल घरी.

गोणीची परीक्षा

नवं होल्स्टर लगेच भरून बाहेर नेऊ नका. निळी प्रतिकृती किंवा रिकामं पिस्तूल लावून घरात पुढचं सगळं करा, आणि मुलाऐवजी इंडियन स्टोअरची २० पौंडांची सोना मसुरीची गोणी घ्या. नऊ किलो, म्हणजे वर्षभराच्या बाळाएवढं वजन.

गोणी जमिनीवरून उचलून डाव्या कडेवर घ्या, मग उजव्या. गाडीच्या मागच्या सीटवर ठेवा, कारसीटचा पट्टा लावल्यासारखं आत झुका आणि पुन्हा बाहेर काढा. मांडी घालून बसा, न टेकता उठा. वीस मिनिटं गाडीत बसून राहा. बाळ बांधायची झोळी किंवा कॅरियर वापरत असाल तर तीही बांधून पाहा. तिचा कमरेचा पट्टा मुठीवर आला तर ती झोळी आणि हे होल्स्टर एकत्र चालणार नाहीत, दोघांतलं एक निवडा. शेवटी आरशासमोर हात वर करून वरच्या फळीवरचा डबा काढा. शर्ट किती वर जातो ते बघा.

पहिले दोन दिवस कडक वाटेलच, नव्या चपलेसारखं. पण एकाच ठिकाणी लाल व्रण उठत असेल तर सवयीची वाट पाहू नका. तिथे काय टेकतंय ते शोधा: स्क्रूचं डोकं, कापलेली धारदार कड की टोक? कडेला बारीक पॉलिश पेपर मारून गोलाई देता येते.

दोन आठवडे असं रोज तासभर. याच काळात काढायचा सराव करा: दहा वेळा, सावकाश, काडतुसं दुसऱ्या खोलीत. परत ठेवताना थांबा, कापड बाजूला झालंय का डोळ्यांनी बघा, कंबर पुढे काढा, बोट ट्रिगरपासून लांब ठेवा आणि मगच सरकवा. परत ठेवण्याची घाई कधीच नसते.

घालणं, काढणं, आणि संडास

होल्स्टर सकाळी एकदा चढवायचं आणि रात्री एकदा उतरवायचं, तेही पिस्तूल आत असतानाच. क्लिप सोडवून सगळं एकत्र काढा आणि होल्स्टरसकट तिजोरीत ठेवा, म्हणजे ट्रिगर कधी उघडाच पडत नाही. म्हणून तिजोरी घेताना पिस्तुलाचं नव्हे, क्लिपा आणि पाचरीसकट होल्स्टरचं माप घेऊन जा. तिजोरी भिंतीला किंवा पलंगाच्या लाकडाला स्क्रूने जखडा. कपाटात उंचावर ठेवणं म्हणजे मुलापासून लपवणं नव्हे, मुलांना खुर्ची सरकवता येते.

सार्वजनिक संडासात पिस्तूल काढून टाकीवर किंवा दाराच्या खुंटीवर ठेवू नका, तिथेच ते विसरलं जातं. होल्स्टर पट्ट्यावरच राहू द्या. पँट गुडघ्यापर्यंतच खाली घ्या आणि पट्ट्याचं बक्कल पुन्हा लावून पँट गुडघ्यांनी ताणून धरा, म्हणजे वजनाने ती उलटणार नाही. कमरेला बांधायच्या सांगाड्याचा इथे सर्वात मोठा फायदा: पिस्तूल जागचं हलतच नाही.

मूल बिलगायला आलं की उजवं कोपर खाली घ्या आणि डावी बाजू पुढे करा. चार दिवसांत हे अंगवळणी पडतं. ‘आई, हे कडक काय?’ हा प्रश्न आज ना उद्या येणारच. तीन वर्षांच्या मुलाला ‘आईचा पट्टा’ एवढं पुरतं. मोठ्याला खरं सांगा आणि नियमही सांगा: बंदुकीला हात लावायचा नाही, कुठे दिसली तर लांब जायचं आणि मोठ्या माणसाला बोलवायचं. तो शाळेत सांगेल हे गृहीत धरा. पोटात काही राहत नाही त्या वयात.

गरोदरपण, अंगावरचं दूध आणि शिसं

गोळीबारात शिशाची धूळ उडते. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं आणि दुधातूनही. गरोदर असताना आणि अंगावर पाजत असताना बंद रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या बंदिस्त जागेत, जाऊ नका, आवाजही पोटातल्या बाळाला बरा नाही. तो काळ घरी रिकाम्या पिस्तुलावर सराव करण्याचा. घरातलं दुसरं कुणी रेंजवरून आलं तर आधी साबणाने हात आणि तोंड धुवायचं, कपडे आणि बूट बदलायचे, मग बाळ घ्यायचं. पिस्तूल झाडल्यानंतर होल्स्टरच्या आतही तीच काजळी बसते. महिन्यातून एकदा पिस्तूल तिजोरीत ठेवून रिकामं कायडेक्स कोमट साबणपाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच वापरा.

पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर पट्टा पोटाखाली सरकतो आणि १ ची जागा जाते. तेव्हा रेटू नका.

भारतात जाताना

जी बॅग कधीही रेंजवर नेली असेल ती भारताच्या प्रवासाला वापरू नका, मग ती डायपर बॅग का असेना. अस्तराच्या शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ते नकळत राहिलं हे पटवण्यात मूल कडेवर घेऊन कोर्टाच्या खेपा होतात. रेंजची बॅग वेगळी ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहा आणि घरी आल्यावर गोळ्या मोजा. पन्नासची पेटी नेली, अडतीस झाडल्या, तर बारा परत यायला हव्यात. अकराच आल्या तर बॅग पालथी करा, खिसे उलटे करा, गाडीच्या सीटखाली टॉर्च मारा. बारावी सापडल्याशिवाय मुलांना त्या खोलीत सोडू नका.